रेषेच्या खालचं घर

सौमित्रनं पसंत केलेलं पहिलं घर मी नापास केलं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

सौमित्र माझा एकुलता एक मुलगा. नागपूरहून पुणे, पुण्याहून ओहायोतलं डब्लिन आणि तिथून न्यू जर्सी, अशी त्याची नोकरी सरकत गेली आणि नोकरीमागे तो. हे गेल्यावर दोन वर्षांनी त्यानं मला इकडे आणलं, तेव्हा तो, सून राधिका आणि नात रुही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहून घर शोधत होते. पहिलं घर टेकडीवर होतं. जुनं, अरुंद जिन्याचं, पण भक्कम. मी दारात उभी राहिले, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "दक्षिणमुखी आहे."

चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. वास्तुशास्त्राची टर उडवण्यात माझा हात कुणी धरला नसता. पण नागपूरचा आमचा फ्लॅट दक्षिणमुखी होता आणि हे त्याच दारात चपला घालता घालता माझ्यासमोर कोसळले. तेव्हापासून दक्षिणेकडचं दार दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. बुद्धीला पटलेलं पोटाला पटतंच असं नाही.

"आईला नको असेल तर नको," सौमित्र म्हणाला. राधिकानं जिन्याच्या कठड्यावरून एकदा हात फिरवला. तिला ते घर आवडलं होतं, हे मला दिसलं होतं.

दुसरं घर मेडो व्ह्यू लेनवर होतं. पहिल्याच्या मानानं नवं, पूर्वेकडे दार, जमिनीला ईशान्येकडे हलका उतार आणि परसाच्या पलीकडे ईशान्येलाच झाडीतून वाहणारा ओढा. वास्तूच्या पुस्तकात असंच घर काढलेलं असतं. मी अंगणात उभी राहून म्हणाले, "हेच." त्या घरावर आणखी सहा जणांचा डोळा होता, म्हणून सौमित्रनं घर आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची, इन्स्पेक्शनची अटसुद्धा सोडून दिली. त्याला नंतर राधिकानं विचारलं, तर तो म्हणाला, "आई पहिल्यांदाच कशाला तरी हो म्हणाली यार."

बेसमेंटमधली खोली मला दिली. छान गालिचा, वेगळं बाथरूम, वर छताला लागून एक आडवी खिडकी. पलीकडच्या कोपऱ्यात जमिनीत खड्डा होता आणि खड्ड्यात झिरपून साठणारं पाणी बाहेर टाकणारा एक पंप. तो थोड्या थोड्या वेळानं घरघरायचा, मग गप्प व्हायचा. शेजारचे फ्रँक पहिल्याच दिवशी भेटायला आले. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "पंप चालतो ना तुमचा?" सौमित्र हसून हो म्हणाला. "गुड," एवढंच म्हणून ते परत गेले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. मी मात्र देव कुठल्या भिंतीला मांडायचे या विवंचनेत होते.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. लोकांची हिरवळ पिवळी पडली. आमची हिरवीगार होती. आणि पंप घरघरतच होता.

ऑक्टोबरात रुहीच्या पाचवीच्या वर्गाला प्रोजेक्ट मिळालं. इंग्रजांच्या तेरा वसाहतींपैकी शेजारच्या दोन घ्यायच्या आणि भूगोलानं तिथलं जगणं आणि व्यापार कसा घडवला ते दाखवायचं. रुहीच्या वाट्याला न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया आलं. मला तर मोकळं रानच मिळालं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामाचं विचारत होतं. मी तिला टेबलाशी बसवलं आणि डेलावेअर नदी काढून दाखवली. या काठाला जर्सी, त्या काठाला पेनसिल्व्हेनिया. सरकारं दोन, गव्हर्नर दोन, पण नदी एक. वरच्या बाजूला टणक खडक, खालच्या बाजूला मऊ सपाट माती, आणि जिथे खडक संपतो तिथे पाणी उडी घेतं. समुद्रातून आलेलं जहाज त्या उडीपाशी थांबतं. उडीच्या जोरावर पिठाची गिरणी चालते. मग तिथेच धक्का, तिथेच गोदाम, तिथेच गाव.

"सो द व्हीट जस्ट फॉलोज द वॉटर?" रुहीनं विचारलं.

"अगदी बरोबर. जर्सीच्या या भागातला शेतकरी न्यूयॉर्कला गहू पाठवायचाच नाही. त्याच्या शेतातलं पाणी फिलाडेल्फियाकडे जायचं, म्हणून त्याचा गहू फिलाडेल्फियाला. टेकडीपलीकडचा त्याचा सख्खा भाऊ मात्र न्यूयॉर्कला विकायचा. उतार बदलला की गिऱ्हाईक बदललं."

आमच्या गावाचं नाव कार्व्हर्स मिल. म्हणजे इथेही गिरणी असणार. तिची दगडी इमारत अजून उभी आहे, त्यात गावानं छोटं संग्रहालय केलंय. शनिवारी राधिकानं आम्हा दोघींना तिथे सोडलं. मिसेस हॅडली नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई तिथे फुकट काम करतात. त्यांनी रुहीला हातमोजे घालायला लावून सतराशे साठच्या सुमाराचा एक नकाशा काढला. इथल्या जमिनीची मोजणी करणाऱ्यानं तो हातानं काढला होता. गिरणी, पोत्यांची कोठी, खानावळ, लोहाराचं दुकान, पलीकडच्या वसाहतीत जाणारी नाव लागायची ती जागा, सगळं नावानिशी. नदीकाठची वीतभर जागा मोकळी सोडलेली नव्हती. जागेचा पैसा होत होता, सोडेल कोण?

फक्त एक तुकडा कोरा होता. ओढा जिथे खडकावरून खाली उतरतो आणि जिथे नदीला मिळतो, त्यांच्यामधला. त्यावर एकही घर नाही, गोठा नाही, कुंपण नाही.

"ड्राउन्ड मेडो," रुहीनं वळणदार अक्षर वाचलं. "आजी, मेडो दॅट ड्राउन्ड?"

मिसेस हॅडली म्हणाल्या, त्या बुडणाऱ्या कुरणातलं गवत फार चांगलं यायचं. लोक ते कापायचे, आणि रोज दुपारी आणि संध्याकाळी भारे पाठीवर घेऊन वर खडकावर न्यायचे. संग्रहालयात एका शेतकऱ्याची रोजनिशी होती. दिवसात दोनदा चढ चढून त्याची पाठ मोडली असं त्यानं लिहिलंय, तरी खाली साधी झोपडी बांधली नाही. नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरू शकायचं नाही, ते उलटं फिरून त्या कुरणात पसरायचं. दर वर्षी नाही. म्हणूनच तर भीती.

मी नकाशाकडे बघत होते. त्या काळी नकाशावर उंची दाखवायच्या रेषा काढत नसत. पण मी मनातल्या मनात सगळ्या इमारती एकापाठोपाठ जोडल्या, गिरणी, कोठी, खानावळ, गोठे, आणि माझ्या डोळ्यांसमोर आपोआप एक समोच्च रेषा तयार झाली. पोरांना मी फळ्यावर हजार वेळा काढून दाखवलेली. समान उंचीची ठिकाणं जोडणारी. या रेषेच्या खाली दोन वसाहतींमधल्या एकाही शहाण्या माणसानं कुडाची भिंतसुद्धा उभी केली नव्हती.

रुहीनं तोवर फोनवरचा नकाशा शेजारी धरला होता. तिचं बोट कोऱ्या तुकड्याच्या बरोबर मध्ये टेकलं. "आजी, दॅट्स अवर हाउस," ती म्हणाली. तिला गंमत वाटत होती.

घरी आल्यावर मी खाली गेले. पाणी तापवायच्या टाकीमागे डोकावून पाहिलं. भिंत रंगवताना तिथवर कुणाचा ब्रश पोचला नव्हता. जमिनीपासून माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती, सरळ, पातळीत. टाकीच्या खालून चिमूटभर धूळ काढून मी बोटांत चोळली. मऊ, पिठासारखी. ती धूळ नव्हती, नदीचा गाळ होता. मी माझ्या पलंगावर बसले आणि रेघेच्या उंचीनं खोलीभर नजर फिरवली. पलंग, देव, ह्यांचा फोटो, सगळं त्या रेघेच्या खाली होतं. मला माझी इतकी लाज वाटली की रडूसुद्धा येईना. भूगोलाची बाई, आणि उतार बघून तिनं पाणी कुठे जाईल हे नाही पाहिलं, दिशा पाहिली.

सौमित्रला सांगितलं तर आधी तो हसला. मग खाली जाऊन रेघ पाहून आला आणि हसायचा थांबला. दोन दिवस त्यानं लॅपटॉपवर काय काय शोधलं. सरकारी नकाशातली पुराची हद्द आमच्या कुंपणापाशी येऊन थांबत होती, त्यामुळे कर्ज देताना बँकेनं पुराचा विमा मागितलाच नव्हता. आता विमा घ्यायचा म्हटला तरी घराची किंमत त्यानं परत येणार नव्हती. तो फ्रँककडेही जाऊन आला. तेरा वर्षांपूर्वी एका वादळाची शेपटी इथे येऊन गेली होती. तेव्हाच्या घरमालकांचं काय झालं, ते फ्रँकनी सांगितलं नाही. "दे मूव्ह्ड," म्हणाले.

"आपण पण मूव्ह करू," सौमित्र म्हणाला. "मार्चमध्ये विकायला लिस्ट करतो. वादळांच्या सीझनच्या आधी व्यवहार क्लोज झाला पाहिजे."

"आणि घेणाऱ्याला काय सांगणार?" राधिकानं विचारलं.

"विकताना भरायच्या फॉर्ममध्ये काय विचारलंय? तुमच्या माहितीत पाणी आलं होतं का. आपल्याकडे आलंय का? नाही ना."

"सौमित्र, तू रेघ पाहिलीस."

"मी भिंत पाहिली. मी काही इंजिनिअर नाहीये त्यातला." मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "आई, सगळं सेव्हिंग आहे ह्याच्यात. रुहीचं कॉलेज आहे. तू फक्त गप्प बस, बाकी मी हँडल करतो. प्लीज."

मी मान हलवली. माझ्या हट्टापायी पोरगं या खड्ड्यात उतरलं होतं. त्याला वर काढायला गप्प बसणं एवढंच मला करायचं होतं. रेघेवर त्यानं रंग मारला. माझी खोली वर हलवली, आणि खाली परत गालिचा वगैरे घालून पाहुण्यांची खोली असल्यासारखी सजवली.

रुहीच्या प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी ते शाळेच्या हॉलमध्ये लावलं. त्यात तिनं कोरा तुकडा निळा रंगवला होता आणि त्यावर एक छोटं घर काढलं होतं. सौमित्र ते बघायला गेला नाही.

एप्रिलच्या शेवटी विवेक आणि रुचा घर बघायला आले. दोघं तिशीचे, पुण्याचे, आठ वर्षं भाड्याच्या घरात. मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी आमचं घर पाहिलं होतं. रुचाला सातवा महिना होता. आमच्या एजंटबाई बरोबर होत्या, सौमित्र आणि राधिका घर दाखवत होते. मी चहा करत होते. इथल्या रीतीप्रमाणे विकणाऱ्यानं घरात थांबू नये म्हणतात, पण आपल्या माणसांना कसं म्हणणार, आम्ही बाहेर जातो, तुम्ही बघून घ्या?

रुचा स्वयंपाकघरात आली आणि माझ्याजवळच्या खुर्चीत बसली. "काकू, ईस्ट फेसिंग आहे ना? आई फोनवर तेच विचारतेय सारखी."

"हो," मी म्हणाले.

"तुम्ही वास्तू बघूनच घेतलं असणार."

"हो. बघूनच."

"मला खूप बरं वाटतंय इथे," ती म्हणाली. "काल विवेक म्हणाला, एवढं परफेक्ट असून हे लोक का सोडतायत? मी म्हटलं, अरे जॉब असेल. नाही का?"

मी कपात चहा ओतत होते. तितक्यात विवेक बेसमेंटमधून वर आला. चेहरा फुललेला. "रुचा, खाली पूर्ण सेट आहे. बाथरूम वगैरे सगळं. तुझ्या आई येतील डिलिव्हरीला, त्यांना खाली रूम देऊ. बाळाचा पाळणा पण तिथेच, शांत आहे एकदम. नाहीतरी सहा महिने त्याच बघणार बाळाला."

दारात सौमित्र उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणिताच्या पेपराच्या दिवशी बघायचा तसं.

मी खरंच गप्प बसणार होते. देवाशपथ सांगते, बसणार होते. पण माझ्याच पलंगाच्या जागी त्या न पाहिलेल्या बाईचा पलंग दिसला, शेजारी पाळणा, आणि वर ती छताला लागलेली आडवी खिडकी. तिच्यातून मांजर जाईल, माणूस नाही.

"खाली कुणाला झोपवू नकोस," मी रुचाला म्हणाले. "हे घर घेऊ नका. इथे पाणी येतं. भिंतीवर रेघ आहे, माझ्या मुलानं तिच्यावर रंग मारलाय. माझ्या छातीपर्यंत येते."

 विवेक पुढे आला आणि त्यानं रुचाच्या खांद्यावर हात ठेवला. एजंटबाईंना मराठी येत नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं, काय झालं? विवेकनं त्यांना इंग्रजीत सांगितलं. मग त्या सौमित्रकडे वळून म्हणाल्या की आता मला कळलंय, आता येणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंच लागेल.

आणि त्यांनी सांगितलं. मे महिन्यात चार जण येऊन गेले, जूनमध्ये एक. मराठी मंडळाच्या ग्रुपवरही बातमी पोचायची ती पोचलीच. किंमत दोनदा उतरवली. पुढे एजंटबाईंनी फोन करणं कमी केलं आणि एक दिवस पुढच्या हिरवळीवरची पाटी काढून नेली.

सौमित्र माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो माझं औषध वेळेवर आणायचा, डॉक्टरकडे न्यायचा, आणि बोलायचा नाही. राधिका एकदा भाजी निवडताना म्हणाली, "आई, तुम्ही केलं ते बरोबरच केलं. मी असते तर मी पण केलं असतं, कदाचित." आणि मग जुडी खाली ठेवून म्हणाली, "पण आता आपण कुठे जायचं?"

मी ती जुडी उचलून निवडायला घेतली. बाहेर आभाळ भरून आलं की ती रुहीला वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसवायची. कारण सांगायची नाही. पंपाचा आवाज आला की आम्ही सगळे बोलायचे थांबायचो, आणि तो बंद झाला की परत बोलायला लागायचो.

जुलैत रुचाला मुलगी झाली. बारसं इथे बाराव्या दिवशी होत नाही, शनिवारी होतं. विवेकनं फोन करून सगळ्यांना बोलावलं. सौमित्र म्हणाला त्याला काम आहे. रुहीला बारीक ताप होता, म्हणून राधिकाही थांबली. मला न्यायला विवेक स्वतः वीस मैल ड्राइव्ह करून आला. निघताना आभाळ जांभळं झालं होतं. सौमित्र गॅरेजच्या दारात उभा राहून फोनवर काहीतरी बघत होता. मी म्हटलं, "येते रे." तो म्हणाला, "हं." तीन महिन्यांतला तो त्याचा त्यातल्या त्यात मोठा संवाद.

विवेकनं उंचावरच्या एका कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर मोठा फ्लॅट भाड्यानं घेतला होता. घर पाहुण्यांनी भरलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील, पण दिवे लावावे लागले. पाऊस असा काही लागला होता की खिडकीतून समोरची इमारत दिसेना. तिथे कुणाला त्याचं काही नव्हतं. बायकांनी पाळणा म्हटला, बाळाच्या कानात नाव सांगितलं, पेढे वाटले. रुचाची आई माझ्याजवळ आली. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, शांत बाई. त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही नसता तर आज मी आणि ही त्या घरात खाली असतो," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "स्वतःच्या मुलाचं नुकसान करून परक्यांसाठी कोण सांगतं हो?"

मला ते ऐकून सुख झालं, हे कबूल करते. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी नीट केलं. बाळ उबदार होतं आणि त्याची मूठ माझ्या बोटावर घट्ट बसली होती.

तेवढ्यात खोलीतले सगळे फोन एकदम कर्कश वाजले. सरकारी इशाऱ्याचा तो आवाज. लोकांनी आपापले फोन बघितले आणि परत खिशात घातले. "फ्लॅश फ्लड," कुणीतरी म्हणालं. "नदीच्या बाजूला. आपल्याकडे नाही."

माझ्या फोनवर त्या इशाऱ्याखाली रुहीचा मेसेज होता, दहा मिनिटांपूर्वीचा. बाबा खाली पंप बघायला गेलाय, आई त्याला हाका मारतेय, रस्ता दिसत नाहीये, आजी तू येऊ नकोस. मी फोन लावला. वाजला नाही. परत लावला.

"काय झालं?" रुचाच्या आईनं विचारलं. "घरी कोण आहे तुमच्या?"

"सगळे," मी म्हणाले.